वरणभात, तूप आणि रेडकू

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत सत्यनारायण होता. प्रसादाचा द्रोण हातात घेताना मी क्षणभर थांबले, तेवढ्यात शेजारच्या वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, आधी त्यांना विचारा चालतं का! स्वीडनला जाऊन गवत खाऊन आल्यात त्या." सगळे हसले. मीही हसले आणि प्रसाद खाल्ला. (का खाल्ला ते पुढे लिहिते.)

घरी आल्यावर वाटलं, नातेवाईकांत आणि शेजारीपाजारी माझ्या या 'गवताची' जी चर्चा चालली आहे, त्यावर एकदा नीट लिहून टाकावं. म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसायला नको. शिवाय माझं मत तुम्हाला पटेलच असंही नाही. मला स्वतःलाच ते पूर्ण पटायला वेळ लागला.

तर झालं असं. २०२५ च्या उन्हाळ्यात मी दहा आठवडे मुलाकडे राहून आले. तो गोथेनबर्गला असतो. तिथले लोक त्याला 'योतेबोरी' असं काहीसं म्हणतात. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. १६२१ साली राजा गुस्ताव अडॉल्फने वसवलेलं. नदी, बंदर, निळ्या ट्राम आणि समुद्रात विखुरलेली खडकाळ बेटं. नात तिथल्या शाळेत तेव्हा नववीत होती. तिचं नाव इथे लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे, म्हणून नुसतं 'नात' म्हणते.

निघताना बॅगेत तूप टाकायचं होतं. मुलाने फोनवर बजावलं, "आई, तूप आणू नकोस. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ युरोपात आणता येत नाहीत. विमानतळावर काढून फेकून देतील." म्हणून मेतकूट, गोडा मसाला, कोकम आणि चकलीची भाजणी घेऊन गेले. पण वरणभातावर तूप नाही म्हणजे काय? तिसऱ्या दिवशी सूनबाईकडून बिनमिठाचं लोणी मागवलं, मंद आचेवर कढवलं, छान रवाळ तूप झालं. घरभर वास सुटला. हे असते तर स्वयंपाकघरात येऊन बेरी मागितली असती.

रात्री नातीच्या पानात वरणभात वाढला, वर तुपाचा चमचा धरला, आणि तिने पानावर हात आडवा धरला. "आजी, मला नको. मी व्हीगन आहे."

मांस-मासे नको हे मी समजू शकते. आम्ही माळकरी घरातले. पण तूप? "अगं, तुपात कुणाला मारलंय?" मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "आजी, गाय दूध कधी देते? वासरू झालं की. मग ते वासरू कुठे जातं? त्यात मुलगा असेल तर त्याचं काय करतात?" (नर वासराला ती 'मुलगा' म्हणते. तिचं मराठी असंच आहे, आणि मला ते आवडतं.) मग म्हणाली, "तुझ्याकडे लहानपणी म्हैस होती ना? तुमच्याकडे काय करायचे?"

मी म्हटलं, "विकायचे."

आणि जेवण झाल्यावर मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. वरवर कारण असं, की पोरीने आजीच्या हातचं तूप नाकारलं. खरं कारण वेगळं होतं, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही तिच्यावर रागावू नका. तिने आम्हालाही असंच दोन वर्षांपूर्वी गप्प केलंय." मला वाटलं, चौतीस वर्षं शाळेत मुलांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगितलं आणि घरच्या मुलीने विचारला तर तोंड फिरवायचं, हे काही बरं नाही. म्हणून नातीला म्हटलं, "इथे आहे तोवर मी तुझ्यासारखं जेवते. बघू तरी काय होतं." ती एवढी खूश झाली की मला माझीच लाज वाटली.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिशोब केला, की आता खायचं काय. आणि मंडळी, हिशोब संपेना! पिठलं-भाकरी, झुणका, ठेचा, आमटी, उसळी, भरली वांगी, अळूचं फदफदं, कांदेपोहे, थालीपीठ, तांदळाची उकड (ताक सोडून कोकमाच्या आगळातली), सोलकढी, घावन, भाजणीचे वडे, मेथीची परतून भाजी, दाण्याची चटणी, तिळगूळ, नारळाच्या दुधातली खीर. उकडीच्या मोदकात वरची तुपाची धार सोडली तर दुधाचं काय असतं? आपल्याकडे शेतावर न्यायच्या भाकरीबरोबर कांदा आणि चटणी असायची, लोणी नव्हे. लोणी विकायला असायचं. गरिबाचं पान महाराष्ट्रात कायमच व्हीगन होतं, फक्त त्याला हे नाव नव्हतं. नावही जुनं नाही. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी १९४४ साली तो शब्द बनवला.

म्हणजे अडचण जेवणाची नव्हतीच. अडचण चहाची होती.

तिथे ओटपासून केलेलं 'दूध' मिळतं. ते स्वीडनमध्येच जन्मलं, लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड ओस्टे या संशोधकाच्या कामातून, १९९० च्या दशकात. पाकिटावर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ घातल्याचं लिहिलेलं असतं. आपल्या पद्धतीने चहात घालून उकळलं तर खिरीसारखं दाटतं. पहिला कप मी मोरीत ओतला. मग कळलं की चहा आधी आलं घालून पाण्यात कडक उकळायचा, गाळायचा, आणि हे वरून गरम करून घालायचं. दुसऱ्या आठवड्यापासून जमलं. अमृततुल्य म्हणणार नाही, पण चहा म्हणता येईल.

गंमत म्हणजे तिथे त्याला कायद्याने 'दूध' म्हणता येत नाही. 'ओटचं पेय' म्हणायचं. युरोपच्या न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला की दूध, लोणी, चीज हे शब्द जनावराच्या दुधालाच वापरायचे. त्याआधी २०१४ मध्ये तिथल्या दूधवाल्यांच्या संघटनेने ओटली कंपनीवर जाहिरातींबद्दल खटला भरला होता आणि पुढच्या वर्षी तो जिंकलाही. आपल्याकडेही २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवरून 'दूध' हा शब्द काढायला लावला. मी मराठी शिकवलं आहे, म्हणून मला प्रश्न पडला, की मग नारळाच्या दुधाचं काय करायचं? आणि रुईच्या चिकाला आपण दूधच म्हणतो की! असो.

एकूण त्या देशात दूध सोडायचं म्हणजे आपल्याकडे चहा सोडण्यासारखं आहे. मोठेपणी दूध पचवण्याची ताकद जगात सर्वांत जास्त ज्या लोकांत आहे, त्यांत हे उत्तर युरोपातले लोक येतात. आपल्या देशात पुष्कळ मोठ्या माणसांना ते नीट पचत नाही, दक्षिणेकडे तर अधिकच. आणि ज्यांना पचतं त्यांच्यात राहून माझी नात ते सोडते, ज्यांना पचत नाही ते आम्ही त्याला पूर्णान्न म्हणून फळ्यावर लिहितो. मीही लिहिलंय, कितीतरी वर्षं.

बाकी तिथल्या खाण्यात मला माहेरच्या ओळखीच्या खुणा सापडत गेल्या. गुरुवारी पिवळ्या वाटाण्यांचं दाट सूप करायची तिथे जुनी रीत आहे. पूर्वी हे लोक कॅथॉलिक असताना शुक्रवारी उपास असायचा, म्हणून आदल्या दिवशी पोटभर खाऊन घ्यायचं. मूळ सुपात डुकराचं मांस असतं. ते वगळलं की ती चक्क वाटाण्याची आमटीच! मी वरून लसणीची फोडणी दिली, नातीने तीन वाट्या खाल्ल्या. त्यांची राय नावाच्या धान्याची कडक भाकरी असते, 'क्नेकेब्रोड'. जुन्या काळी तिला मधोमध भोक पाडून दांडीत ओवून आढ्याला टांगून ठेवायचे, महिनोन्‌महिने टिकायची. तिच्यावर आपली दाण्याची चटणी काय लागते म्हणून सांगू! शेपू तर तिथे सगळ्यात. मला वाटायचं शेपू नाक मुरडून खायची भाजी म्हणजे फक्त आपल्याकडे. तिथे २० जूनला मिडसमरचा सण झाला, त्या दिवशी नवे कोवळे बटाटे शेपू घालून उकडतात. सगळे हेरिंग मासा खात होते, आम्ही आजी-नाती बटाटे. आणि त्यांच्या गोड पावांत वेलदोडा! बेकरीसमोरून जाताना पुरणाचा वास यायचा. कॉफी-पावाच्या त्यांच्या बैठकीला ते 'फिका' म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे पाहुण्याला फिका चहा दिला तर तो पुन्हा येत नाही.

फलाफल मात्र मला सर्वांत आवडलं. अरब देशांतून आलेल्या लोकांनी तिथे आणलेला काबुली चण्याचा वडा. पावात घालून देतात, वर तिळाची चटणी. डोंबिवलीच्या माणसाला वडापाव सोडून फार दिवस राहवत नाही, त्यामुळे देवानेच सोय केली म्हणायची.

गाव समुद्रकाठचं, म्हणून मासळीचं कौतुक फार. कालव्याकाठी मासळीबाजाराची १८७४ सालची एक इमारत आहे, हुबेहूब चर्चसारखी. लोक तिला 'मासळीचं चर्च' म्हणतात. २०२० पासून दुरुस्तीसाठी बंद होती, २०२४ मध्ये पुन्हा उघडली. मुलाने हौसेने दाखवली. आत एवढी स्वच्छता की मासळीबाजार आहे हे नाकाला कळत नाही. मला आपल्या कोळणी आठवल्या. त्यांच्या बाजारात निदान काय चाललंय ते नाकाला आणि डोळ्याला लपत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

मे महिन्यात एका रविवारी मुलगा म्हणाला, "आई, चल, गाईंचा नाच बघायला जाऊ." मला चेष्टा वाटली. पण खरंच तसं असतं. हिवाळाभर गोठ्यात बांधलेल्या गाई वसंतात पहिल्यांदा कुरणात सोडतात आणि ते बघायला शहरातून माणसं येतात, मुलंबाळं घेऊन. दार उघडलं आणि त्या एवढाल्या थोराड गाई चक्क उड्या मारत सुटल्या! मागचे पाय उडवत, शेपट्या वर करून, वासरासारख्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे उन्हाळ्यात दुभत्या गाई मोकळ्या चरायला सोडल्याच पाहिजेत असा कायदा आहे. त्यामागे एका म्हातारीचा हात आहे. 'पिप्पी लाँगस्टॉकिंग' लिहिणारी ॲस्ट्रिड लिंडग्रेन. जन्म १९०७ चा. १९८५ पासून, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिने एका पशुवैद्य बाईंच्या जोडीने जनावरांच्या हालांवर वर्तमानपत्रांत लिहायला घेतलं. पंतप्रधान तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला घरी जाऊन कायद्याचं आश्वासन देऊन आले आणि १९८८ मध्ये कायदा झाला. बाईंना तो पुरेसा वाटला नाही, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंही. मला हे फार आवडलं. म्हातारपणी माणसाने एवढं तरी खट असावं.

नात आमच्याबरोबर आली नव्हती. घरी गेल्यावर मी उत्साहाने सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "छान. आणि त्यांची बाळं कुठे होती, आजी? तू पाहिलीस?"

नव्हती पाहिली. ती वेगळ्या गोठ्यात असतात. जन्मल्यावर लवकरच वेगळी करतात.

मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी ट्रामने सॉल्टहोल्मेनच्या धक्क्यावर गेलो आणि तिथून बोटीने स्टिरसो बेटावर. ट्रामच्याच पासवर बोट चालते. बेटावर मोटारी नाहीत. डब्यात दशम्या होत्या (दुधाऐवजी गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या) आणि लसणीची चटणी. एका खडकावर बसून खाल्लं आणि मी तिला म्हटलं, "तुला त्या दिवशी मी 'विकायचे' म्हणाले ना, ते खरं नव्हतं."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माझ्या भावांना ठाऊक आहे, पण आम्ही आपसातही कधी बोललो नाही. ते हा लेख वाचतील, त्यांनी रागावू नये.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं. वडिलांनी म्हशाच्या जत्रेतून म्हैस आणली होती. पौषातली ती जत्रा, तिथला गुरांचा बाजार ठाणे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, म्हणजे साधारण १९६० साल. म्हैस व्याली, रेडकू झालं. पारडी झाली असती तर ती वाढवली असती. रेड्याचा भाताच्या खाचरात थोडा उपयोग, पण आमच्याकडे बैल होते. आणि रेडकाने दूध प्यायलं तर विकायला काय उरणार? त्याला कुणी मारलं नाही. माळकरी घर होतं. त्याला फक्त दूध पाजलं नाही. पान्हा सुटण्यापुरतं आचळाला लावायचे आणि ओढून घ्यायचे. पंधरा-वीस दिवसांत ते गेलं. मग म्हैस पान्हा सोडेना. तेव्हा वडिलांनी त्याचं कातडं सोलवून त्यात पेंढा भरला. धार काढताना ते म्हशीपुढे धरायचं काम माझ्याकडे होतं. म्हैस त्याला चाटायची आणि दूध द्यायची.

नात बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "म्हशीला कळायचं का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी तिच्याकडे बघायचे नाही."

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि माझं मत इथेच अडतं. ते दूध मुरबाडच्या हॉटेलात जायचं. त्या पैशावर मी शिकले. पुढे कल्याणला मावशीकडे राहून मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, दर महिन्याला वडिलांची मनीऑर्डर यायची ती म्हशीच्या दुधाची. भाताच्या पिकाचा पैसा वर्षातून एकदा, तोही पाऊस देईल तर. दुधाचा पैसा आठवड्याला हातात. गावातल्या माझ्या बरोबरीच्या मुलींची लग्नं झाली तेव्हा मी दूधनाक्यावरून चालत कॉलेजला जात होते. वडिलांना निर्दय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पायात काटा गेलेल्या बैलाजवळ ते रात्रभर बसलेले मी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे एका बाजूला रेडकू होतं आणि दुसऱ्या बाजूला आम्ही चार भावंडं. त्यांनी आम्हाला निवडलं.

हे मी नातीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग मी आजोबांवर रागावू शकत नाही. पण मला आता म्हैस नाही लागत, आजी. माझ्याकडे दुसरं आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या शाळेत दुपारचं जेवण सगळ्या मुलांना फुकट मिळतं आणि त्यात बिनमांसाचा पर्यायही असतो. दुकानात पाच प्रकारची ओटची पेयं. ज्याच्यापुढे ताट वाढलेलं आहे त्याने निवड करावी, हे मला न्यायाचं वाटतं.

डोंबिवलीला परत आल्यावर मी गांधीजींच्या 'सत्याचे प्रयोग' मधलं ते प्रकरण पुन्हा काढून वाचलं. कलकत्त्याकडे जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर 'फुंका' नावाचा क्रूर प्रकार करत, त्याची किळस येऊन त्यांनी दूध न पिण्याचं व्रत घेतलं होतं. १९१८ च्या आजारात शक्ती येईना. मुंबईचे डॉक्टर दलाल दूध घ्या म्हणाले. कस्तुरबांनी सुचवलं, व्रत गाई-म्हशीचं आहे, शेळीचं घ्यायला काय हरकत? त्यांनी घेतलं. आणि आत्मचरित्रात कबूल केलं, की शब्द पाळला पण त्यामागचा भाव मोडला, आणि ही सल गेली नाही. एवढ्या मोठ्या माणसाने शेळीच्या दुधाच्या पेल्याबद्दल एवढं लिहिलं. आणि आम्ही? पाकिटावरचा हिरवा ठिपका बघतो आणि निश्चिंत होतो. तो ठिपका सांगतो की आत मांस नाही. गोठ्याच्या मागच्या दाराने काय गेलं ते तो सांगत नाही. आपला देश १९९८ च्या सुमारास दूध उत्पादनात जगात पहिला झाला, आता वर्षाला सुमारे चोवीस कोटी टन दूध होतं, आणि म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांतही आपण आहोत. हे दोन धंदे वेगळे नाहीत. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी आली, पण म्हशी आणि रेडे त्या बंदीत नाहीत. आणि भाकड गाय विकता येत नाही, पोसणं परवडत नाही, असं म्हणणारा शेतकरीही आहेच. शहरात तीस-चाळीस रुपयांची पिशवी फोडताना यातलं काहीच आपल्याला दिसत नाही.

म्हणून माझं मत असं झालं आहे.

हसणाऱ्यांना सांगायचं आहे, की ही 'फॉरेनची फॅशन' म्हणून उडवून लावू नका. तुमच्या आजीच्या डब्यातली भाकरी-चटणी तीच होती. आणि ज्यांनी म्हशी पाळल्या त्या घरांत या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी तो विचारत नव्हतं.

दूध सोडलेल्या तरुण मंडळींनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, डॉक्टरला विचारून बी-१२ घ्या. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. आपल्याकडे दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही ते पुष्कळदा कमी निघतं. दुसरी, दूध उत्पादकाला राक्षस समजू नका. २०१८ च्या जुलैमध्ये आपल्या राज्यात भाव मिळत नाही म्हणून शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतलं, तेव्हा शहरातल्या लोकांना नासाडीचं वाईट वाटलं. पण हाताने धार काढून तेच हात दूध ओततात तेव्हा घरात काय असेल? पिशवीच्या भावात आपण ना म्हशीची किंमत मोजतो, ना त्या माणसाची. उद्या सगळ्यांनी दूध सोडलं तर मुरबाडच्या एखाद्या मुलीच्या कॉलेजचा पैसा कुठून येणार, याचं उत्तर ज्याने त्याने आपल्या मताबरोबर द्यायला हवं. मी ते नातीकडे मागितलं आहे. ती विचार करते आहे. मीही करते आहे.

आणि माझं स्वतःचं? मी पूर्ण व्हीगन झाले नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात दुधाची पिशवी बंद केली. कोरा चहा घेते, आलं आणि गवती चहा घालून. (वहिनी म्हणतात ते 'गवत' एवढ्यापुरतं खरं!) दही लावत नाही, सोलकढीवर भागतं. तूप देवाच्या निरांजनापुरतं राहिलं आहे, तेही तेलाचं करावं का, यावर माझं आणि माझंच भांडण चालू आहे. पण कुणाच्या घरी गेले आणि त्यांनी कप पुढे केला तर घेते. खरी परीक्षा तिथेच आहे. गोथेनबर्गमध्ये दुकानात जाऊन नाही म्हणणं सोपं, कारण तिथे तुम्ही फक्त पाकिटाला नाही म्हणता. डोंबिवलीत तुम्ही माणसाला नाही म्हणता. सत्यनारायणाचा प्रसाद करणाऱ्या सुनेने सकाळी पाच वाजता उठून रवा तुपात भाजला होता. तिच्यासमोर द्रोण परत ठेवायला मला जमलं नाही. कदाचित हे माझं शेळीचं दूध असेल. शब्द पाळणं नाही आणि भाव पाळणंही नाही, नुसती भीड. पण निदान आता मी 'यात कुणाला मारलंय?' असं विचारत नाही.

नात डिसेंबरमध्ये यायची आहे. तिला म्हशाची जत्रा बघायची आहे. पौष पौर्णिमेला ती इथे असेल का, सुट्टी जुळेल का, मुलगा बघतो म्हणालाय. आली तर घेऊन जाणार आहे. भावाचा मुलगा अजून दोन म्हशी राखतो. तिला तिचे प्रश्न त्याला विचारू दे, त्याची उत्तरं ऐकू दे. मी मध्ये पडणार नाही.

पुरणपोळी मात्र तिच्यासाठी नारळाच्या दुधाबरोबर करायची आहे. पोळीला तेल लावलं तर कडा कडक होतात, असा माझा अनुभव. कुणाला युक्ती माहीत असेल तर फोन करून सांगा. दुपारी दोननंतर करा, त्याआधी मी आडवी झालेली असते.